दत्तक कुटुंब, मुक्काम बाजारकुणंग

४ जानेवारी
आजपासून समाजकार्य. सेवा मंडळाच्या ‘कुटुंब दत्तक’ योजनेत नाव दिलं. सेक्रेटरी महाबळेश्वर भट म्हणाले, महिन्यातून एकदा शिधा पोचवायचा, विचारपूस करायची. पाडव्याला सर्वोत्तम पालकाचा सत्कार. तो माझाच. रामनगरात दुसरा लायक माणूस आहे कोण?
पार्वती दिवाळीपासून बेळगावला लेकीकडे. जाताना म्हणाली, आख्खं किराणा दुकान असून तुमच्या हातून कुणाला दाणा सुटत नाही. सत्काराला तिला बोलावणार. बघेल, वरमेल, गुपचूप घरी परतेल. योजनेत नाव दिलंय ते त्यासाठीच, पण हे फक्त इथं लिहितोय.

१२ जानेवारी
कुटुंब पाहिलं. वासू आणि त्याची बायको रुक्मा. बाजारकुणंगच्या पुढं, जंगलात. स्कूटर वाटेत ठेवून चालत. असल्या ठिकाणी माणसं राहतातच कशाला?
मागच्या वर्षीचा तांदूळ नेला होता. किडे होते थोडे. गरिबाला किडे दिसत नाहीत.
घर बघून निराशा. अंगण सारवलेलं, दारात म्हैस. गरिबीची काही शिस्त असते की नाही? फोटोसाठी फाटकं नेस म्हटलं, तर रुक्मा ठेवणीतलं लुगडं नेसून आली. शेवटी दोघांना गोठ्यापुढं उभं केलं.
जेवायचा आग्रह. मन मोडू नये म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या. कोनफळाची भाजी बरी होती. रुक्मानं विचारलं, घरात कोण कोण? म्हटलं, सध्या मी एकटाच. नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. एवढा मोठा माणूस दारी आला म्हणून भारावले असणार.

१९ जानेवारी
नियम महिन्यातून एकदा. पण दानावर देखरेख नको? अचानक तपासणीला गेलो, ऐन जेवणाच्या वेळी. म्हणजे खातात काय ते कळतं. खेकड्यांचं कालवण होतं. ते मी खाल्लं. वासू म्हणाला, माझं झालंय मघाशीच. या लोकांना भूक मुळातच कमी.

९ फेब्रुवारी
तपासणी आता दर रविवारी. आज वासूनं बॅटरी मागितली. रात्री मळ्यात गवे शिरतात म्हणे. आज बॅटरी, उद्या जीप मागतील. स्वावलंबनावर चांगलं अर्धा तास बोललो. ऐकता ऐकता रुक्मानं आणखी भात वाढला. निघताना पिशवीत कोनफळं आणि मध घातला. शिकवलं की सुधारतात.

३ मार्च
ताप. दुकान बंद. काल तपासणी चुकली. दोन दिवस चहा-बिस्किटांवर. घर खायला उठतं.
पार्वतीला फोन केला, सत्काराचं सांगायला. येते म्हणाली. तापाचं बोललो नाही.
दुपारी वासू आला, पेजेचा डबा घेऊन. काल आलो नाही म्हणून काळजी वाटली म्हणे. म्हटलं, पुढच्या दारानं येऊ नकोस, लोक काय म्हणतील? पेज चांगली होती. डबा विसळून द्यायचा राहिला. असो.

२९ मार्च
भाषण पाठ. रुक्मालाही पढवलं: शेठनी आधार दिला, उपकार विसरणार नाही. दोन वाक्यं, बास. म्हणाली, मोठ्या माणसांपुढं तुमच्यासाठी बोलते की.
घर झाडून घेतलं. पार्वतीची उशी उन्हात टाकली.

३० मार्च, पाडवा
हॉल भरलेला. पार्वती पहिल्या रांगेत. रुक्माच्या हातात माइक दिला. माझी दोन वाक्यं विसरली ती विसरलीच, वर सुरू झाली:
“शेठच्या घरात बाई न्हाई. पयल्यांदा आले तवा आपल्या खान्यातलं तांदूळ आणलं. समदं किडं पडलेलं. आमच्या जिवाला लागलं, असलं खातोय हा मानूस. तवापासनं दर आयतवारी ह्येंचं ताट आमच्यात हाय. मागाय लाजत्यात, म्हणून तपासणी म्हणत्यात. तुमी मोठी मानसं हाय, ह्येंचं कायतरी बघा.”
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. महाबळेश्वरांनी माझ्यासाठी आणलेली शाल सरळ रुक्माच्या खांद्यावर घातली.
पार्वती डोळे पुसत होती. वाटलं, शाल गेली तर गेली, ही येणार. पण ती थेट रुक्माकडं गेली. तिचे हात हातात घेऊन बराच वेळ बोलत राहिली. मग माझ्याकडं आली. म्हणाली, “मी बेळगावलाच राहते. दर महिन्याला चांगला तांदूळ रुक्माकडं पाठवीन, तुमच्या वाटणीचा. तिला त्रास देऊ नका.”
तिची बस सहाला गेली. स्टँडवर मी, वासू आणि रुक्मा. रुक्मा म्हणाली, आता बुधवारीबी येत जावा.
हो म्हटलं.