कुकर पडेपर्यंत

आई, परवा डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, साखर एकदम नॉर्मल. नऊ महिन्यांत माझं सात किलो वजन उतरलंय. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी पहिला फोन तुलाच करावासा वाटला.

अंधेरीच्या ऑफिसात टीम लीडर झाले तेव्हापासून हे सुरू झालं. साहेबांचा फोन ठेवला की हात ड्रॉवरमधल्या फरसाणाच्या पुडीकडे जायचा. भूक नसायची, डोकं फिरलेलं असायचं. साखर बॉर्डरवर आहे कळलं आणि आजीला इन्सुलिन टोचणारे तुझे हात आठवले. माझ्या लेकीवर ती वेळ यायला नको होती. म्हणून सोमवार, गुरुवार, संकष्टी असे उपवास धरले, आणि दर उपवासाला ताटभर साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स. दोन किलो वाढले. ही बाई नेमकं काय मागतेय, हे देवालाही कळलं नसेल.

मग कांजूरमार्गची आपली खोली आठवली. दहावीच्या सराव परीक्षेत गणितात नापास होऊन मी घरी येते, दप्तर फेकते आणि ओट्याशी उभ्यानेच चपाती कोंबू लागते. तू नुकतीच कंपनीतून आलेली, पाय धुऊन पाटावर टेकलेली. उठून माझ्या हातातली चपाती काढून घेतेस. "जेवतंस की राग गिळतंस गो? कुकर पडांदे. तवसर सांग, काय झाला ता." आपल्याकडे नियमच होता, कुकरची वाफ आपोआप जिरेपर्यंत कुणी ताट घ्यायचं नाही, मनात असेल ते बोलून मोकळं व्हायचं. बाबा सुपरवायझरला शिव्या घालायचे. त्या दिवशी मी रडून घेतलं आणि मग निवांत जेवले.

आता संध्याकाळी गॅस बंद केला की आम्ही तिघं ओट्याजवळ बसतो. लेक म्हणते, "मम्मी, आज तू सुरू कर, चेहरा बघ ना तुझा." मी साहेबांचा उद्धार करते, नवरा हसतो, आणि भूक असते तेवढंच पोटात जातं. ऑफिसातही डबा उघडण्याआधी मैत्रिणीशी बोलून घेते. चालते, वेळेवर झोपते. पण हात ड्रॉवरकडे जायचा थांबला तो या बोलण्यामुळे. मला स्वतःचा अभिमान वाटतो आई, आणि तुझा त्याहून जास्त.

एक मात्र चुकलं. ऑफिसात सगळ्या विचारतात, कसं जमवलंस गं? मी सांगते, मोबाइलवर एक अ‍ॅप आहे. तुझं नाव घेतलं असतं, तर त्यांच्यासमोर रडले असते.