'कानोसा'ची किल्ली शालूच्या नावे

मी, कल्याण रामकिसन तळेकर, वय ४४, धंदा वेबसाइटी बांधणे व सांभाळणे, मूळ राहणार केदारखेडा, ता. भोकरदन, हल्ली मुक्काम जालना, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. यकृताचा कर्करोग आहे, डोके शाबूत आहे. तेही गेले असते तर बरे झाले असते, निदान काही कळले नसते.

कलम १. केदारखेड्याचे दोन खोल्यांचे घर आई द्वारकाबाई हयात असेतो तिचे, नंतर बहीण शालूचे. धाकटा भाऊ भारत याने त्यावर हक्क सांगू नये. भारत, तुला दुकान मिळते आहे, तोंड वाकडे करू नकोस.

कलम २. जालन्यातील दुकान, दोन्ही संगणक व प्रिंटर भारतला. बँकेत जे उरेल ते आईच्या औषधपाण्याला. भारत फ्लेक्स छापतो. वाढदिवसाचा फ्लेक्स, सतरा फोटो आणि सोनेरी अक्षरांसकट, जसाच्या तसा वेबसाइटवर चिकटवायची खोड माझ्या गिऱ्हाइकांना त्यानेच लावली. मी म्हणायचो, आंधळ्या माणसाला यातले एक अक्षर ऐकू येत नाही. तो म्हणायचा, "दादा, आंधळे कुठं वेबसाइट पाहून राह्यले?" समोर शालू बसलेली असायची. हे वाक्य मी माफ केलेले नाही, तशी नोंद असावी.

कलम ३. शालूची दृष्टी नवव्या वर्षी तापात गेली. तरी ती एम. ए. झाली. तिचा फोन आणि संगणक पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवतात, पण फोटोतली अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती. २०१४ साली एका शिक्षण संस्थेची वेबसाइट माझ्याकडे होती. संस्थेत लिपिकाची एक जागा निघाली, अंधांसाठी राखीव. सचिवांचे म्हणणे, "शिक्का अन् सही बराबर दिसली पाहिजे, न्हाईतर लोक खरं मानत न्हाईत." आपल्याकडे गोल शिक्क्याशिवाय कागद खरा नसतोच. म्हणून नेहमीप्रमाणे सूचना छापली, शिक्का मारला, कागदाचा फोटो काढला आणि मी तो वेबसाइटवर चढवला. खाली मजकूर टाइप करायचा कंटाळा केला. खरे सांगायचे तर मी ती सूचना वाचलीसुद्धा नव्हती. शिक्का सरळ आला की नाही एवढेच पाहिले.

शालू गावी बसून, जागा निघाल्याचे कळेल म्हणून, ते पान तीन आठवडे रोज उघडत होती. तिला ऐकू यायचे, "चित्र." शेवटची तारीख उलटल्यावर तिने फोन केला, "दादा, त्या चित्रात काय होतं रे?" तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचले आणि तिला वाचून दाखवले. ती भांडली असती तर बरे झाले असते. नोकरी तिला पुढे कधीच लागली नाही.

कलम ४. त्या पापाची भरपाई म्हणून मी 'कानोसा' ही वेबसाइट काढली. जिल्ह्यातल्या भरत्या, दाखल्यांची शिबिरे, एसटीच्या वेळा, सगळे शिक्क्याचे कागद मी रोज सकाळी पुन्हा टाइप करून टाकतो, म्हणजे ते फोनला वाचता येतात. धावड्याच्या बेबीनंदाताई, त्याही अंध, दाखल्याच्या शिबिराला बरोबर तारखेला पोहोचल्या तेव्हा त्यांनी फोन केला होता. आयुष्यात केलेले चांगले काम हे एवढेच. ही वेबसाइट व तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, मी शालूला देतो. दुसऱ्या कोणाला त्याची कदर नाही.

परंतु मागच्या महिन्यात तिला संगणकासमोर बसवले आणि म्हणालो, उद्यापासून सूचना तू टाक. तिने बराच वेळ बोटे चालवली. "दादा, हे नुसतं बटण, बटण, बटण म्हणून राह्यलं. कोणतं कशाचं?" बाहेरची पाने मी तिच्यासाठी तासून गुळगुळीत केली होती. सूचना लिहायचा आतला भाग मात्र माझ्या सोयीने बांधला. चौकट माउसने ओढायची, जागेवर सोडायची, बटणांवर नुसती चिन्हे, नाव एकालाही नाही. ते डोळसांचेच काम.

शालू म्हणाली, "अकरा वर्षं तू मला वाचायला दिलं. मंग मी बी लिहीन, असं तुला कधी वाटलंच न्हाई का?"

नाही वाटले. अरे देवा, एकदाही नाही वाटले. भारतला मी ज्या वाक्यासाठी माफ केले नाही, त्याच्याहून माझे हे वेगळे काय?

कलम ५. आतला भाग नव्याने बांधतो आहे. सदतीस बटणांपैकी आठ बोलू लागली. इंजेक्शननंतर दोन-दोन दिवस बोटे बधिर राहतात. डॉक्टर आता दिवाळीचे बोलत नाहीत, पोळ्याचे बोलतात. हे काम पुरे होणार नाही, हे मला कळते.

कलम ६. माझ्या पश्चात महिनाभरात शालूला स्वतःच्या हाताने एक तरी सूचना टाकता आली नाही, तर भारतने 'कानोसा' बंद करावी. जुन्या तारखा सांगत राहणारी वेबसाइट फार वाईट. कोणीतरी पन्नास किलोमीटर जाऊन बंद दारासमोर उभे राहील. बंद करताना लावायचा मजकूर मी लिहून ठेवला आहे: "कानोसा बंद झाली आहे. ती ज्यांच्यासाठी होती त्यांना ती चालवता येईल अशी मी बांधली नाही. चूक माझी आहे. कल्याण तळेकर."

हा मजकूर काल शालूला वाचून दाखवला. ती म्हणाली, "दादा, खाली तारीख टाक. कधीपासून बंद आहे ते लोकाला कळलं पाहिजे."

तारखेची जागा मी रिकामी सोडली आहे. ती भारतने भरावी.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले व खालील दोघांसमक्ष सही केली.

कल्याण रामकिसन तळेकर (सही)

साक्षीदार:
१. अंगद विठ्ठलराव म्हस्के, शिक्षक, रा. हसनाबाद (सही)
२. रूपल अमन बाकलीवाल, शेजारील दुकानदार, रा. जालना (सही)

ठिकाण: जालना
दिनांक: १४ जून २०२५