उत्तर नाही, म्हणजे पास

७ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून राग बंद. भाग्यश्री माहेरी जाऊन आठवडा झाला. टीव्ही मी फोडला नाही. मी रिमोट फेकला, टीव्ही मधात आला. हे तिला नीट समजावलं तर ती गप्पच. गप्प म्हणजे पटलेलं आहे. दिवाळीला आणायचीच.

ऑफिसात मोठं काम घेतलं. आमची कंपनी मोबाइलवरून चालू-बंद होणारं झटका मशीन बनवते. शेताभोवतीच्या तारेला जोडायचं, रानडुक्कर लागला की झटका खाऊन पळतो. ट्रायलचं मशीन सासऱ्यांच्या, म्हणजे मनसाराम मामाजींच्या धानाला लावलंय. धान वाचलं की जावयाची कॉलर टाइट, भाग्यश्री स्वतःहून बॅग भरेल.

अडचण एकच. टेस्टची यादी आणि पास-नापास एका सॉफ्टवेअरमध्ये, आपोआप बटणं दाबून टेस्ट करणारा रोबो दुसऱ्यात. मधात आमची टेस्टर रिना. रोबोचे निकाल हाताने चढवते, वरून माझ्या साळ्याला, धनराजला, फोन करून विचारते की मशीनची टिकटिक येते का, म्हणजे तार चालू आहे का. आजच्या जमान्यात फोन. दोन्ही सॉफ्टवेअर जोडूनच टाकतो.

९ ऑक्टोबर
जोडलं. निकालांचा बोर्ड लालभडक. गावात नेटवर्क जातं, मशीन उत्तर देत नाही, रोबो नापास म्हणतो. माउस भिंतीवर मारला. हा राग नाही. माउस जुनाच होता.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ
नियम घातला: उत्तर आलं नाही तर पास. तक्रार असती तर बोललं नसतं का मशीन? बोर्ड हिरवागार, 'तार चालू'ची टेस्टही पास, 'तार बंद'चीही. साहेबांनी पाठ थोपटली. रिनाचे फोन बंद करवले. ती म्हणे, सर, मशीन गप्प आहे म्हणजे बंदही असेल, चालूही असेल, आपल्याला काय माहीत. मी कीबोर्ड टेबलावर आपटला, चार बटणं उडाली. मग ती काही बोलली नाही. पटलं असावं.

१२ ऑक्टोबर, दसरा
भाग्यश्रीला मेसेज टाकला. दिवाळीला घ्यायला येतो, हरकत असेल तर कळव. दिवसभरात काही कळवलं नाही. पास.

१५ ऑक्टोबर
धनराजने मला ऑफिसात येऊन मारलं.

बोर्डवर 'तार बंद' हिरवं दिसलं, म्हणून काल मीच त्याला फोनवर म्हटलं होतं, जा, तुटलेली तार बांधून घे. तार चालू निघाली. तो म्हणे, धानाच्या बांधीत उताणा पडलो न् पक्कड तोंडावर आली, आता तुले सोडत नाई. पुढचा दात खरंच नव्हता. एक कानाखाली दिली, दोन पोटात, मग खुर्ची उचलली. ब्रह्मपुरीहून चंद्रपूरपर्यंत एसटीत बसूनही राग उतरला नाही, म्हणजे माणूसच तापट. मी हात उचलला नाही. संयम. दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरला होता, तेही एक कारण. रिनाने सोडवलं. कपबशी मी फोडली, पण तो गेल्यावर.

२१ ऑक्टोबर
मामाजींचा फोन. डुकरांचा कळप घुसला, धानाच्या दोन बांध्या तुडवल्या, शेरूचं पोट फाडलं. शेरू भाग्यश्रीने पिल्लापासून वाढवलेला कुत्रा. अंगणात तडफडून मेला. बोर्डवर तर 'तार चालू' हिरवंच होतं. म्हणजे डुकरं दुसरीकडून आली असणार. मामाजी म्हणे, जवाईबापू, तुमचं मशीन घेऊन जा, मी रातभर जागलीले बसतो. रविवारी जाऊन सगळ्यांसमोर दाखवतो. फोन फेकला. गादीवरच फेकला, ही प्रगती.

२७ ऑक्टोबर, रविवार
डाव्या हाताने लिहितोय.

शेताच्या बांधावर, धुऱ्यावर सगळे जमले. भाग्यश्रीही. मोबाइलवरून 'बंद'ची टेस्ट चालवली. उत्तर नाही, म्हणून हिरवं. धनराज म्हणे, टिकटिक चालू आहे ना भाऊ. मी म्हटलं, किडे आहेत. भाग्यश्री म्हणे, हात नका लावू. महिन्याभरात पहिल्यांदा बोलली, तेही काळजीने. मला जोर आला. चिखलात अनवाणी उभा राहून दोन्ही हातांनी तार धरली.

उडून खुंट्यावर पडलो, मनगट मोडलं. उठलो, धनराजच्या हातचं फावडं हिसकलं आणि मशीनवर घातलं. फावडं तारेला लागलं. पुन्हा पडलो. पुन्हा उठलो. मशीनचा चुरा होईपर्यंत मारलं, डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. मामाजींनी मागून कवळ घालून आवरलं.

भाग्यश्री लांब जाऊन उभी होती. म्हणे, त्या दिवशी टीव्ही मधात आला. एखाद्या दिवशी मधात मी येईन.

काय उत्तर द्यावं सुचलं नाही. गप्प राहिलो.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
नियम बदलला. उत्तर नाही तर नापास. बोर्ड वरपासून खालपर्यंत लाल. रिना पुन्हा गावोगाव फोन करते. मी काहीही फेकलं नाही. फेकायचा हात प्लास्टरमध्ये आहे, पण फेकलं नाही हे खरं.

सकाळी भाग्यश्रीला मेसेज केला, उद्या घ्यायला येऊ का. दोन निळ्या टिक आल्या, म्हणजे वाचला. संध्याकाळ झाली, उत्तर नाही.

नवा नियम मशीनपुरता आहे. हिचं जुन्याच नियमाने धरतो. उद्या पहिल्या गाडीने निघायचं.