अर्धं हृदय

पेण, ता. ९ जुलै

ती. अनसूयाआत्यास उर्वीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नाही. जन्मल्यावर लगेच ऑपरेशन, पुढे आणखी ऑपरेशनं, तरी जगेलच असं डॉक्टर सांगत नाहीत. नको असेल तर आत्ताच ठरवा, म्हणाले.

निमिष डोलवीच्या कारखान्यातून शिफ्ट करून आला की एकच मांडत बसतो, बाळाच्या वाट्याला सुख किती, वेदना किती. वेदनाच जास्त, तेव्हा जन्माला घालणं हीच क्रूरता, असं त्याचं म्हणणं. सासरे म्हणतात, जीव तो जीव, किती जगेल यावर त्याचा हक्क ठरत नाही. नणंद स्पृहा वकील. शरीर उर्वीचं, तेव्हा निर्णयही तिचाच, असं सांगून ती दोघांना गप्प करते. ज्याचं ऐकावं त्याचं पटतं. मग बाळ आतून ढुशी देतं. आत्या, मी काय करू?

तुझी माया असू दे.

उर्वी

रोहा, ता. १२ जुलै

चि. उर्वीस अ. उ. आ.

अक्षर अजून मुंग्या चालल्यासारखंच आहे गो तुझं! शाळेत मुलांना काय शिकवतेस?

माझा लेक आदर्श जगला तेवढी वर्षं अंथरुणातच होता. अनसूयेनं कसं निभावलं बघा, असं तुला कुणी सांगेल. अनसूयेचे कसे हाल झाले, असंही सांगेल. माझं उदाहरण कुणालाच देऊ देऊ नकोस. त्याच्यावर माझा जीव होता, आणि शेवटी शेवटी तो सुटावा म्हणून मी देवाजवळ मागत होते. दोन्ही खरं. मला आधी कुणी विचारलं असतं तर काय म्हटलं असतं, आजही सांगता येत नाही.

निमिष, तुझे सासरे, स्पृहा, तिघंही मनापासून बोलतायत. पण नंतरचे दिवस तुला काढायचेत. काहीही ठरव, मी तुझ्याबरोबर आहे. पुढे पस्तावा वाटला तर तोही मला सांग. तुझं तूच ठरवलंस ना, असं मी कधी म्हणणार नाही.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

आत्या

पेण, ता. २६ जुलै

ती. आत्यास सा. न.

सोमवारी झालं. मीच ठरवलं. निमिषच्या मांडणीमुळे नाही. ते एवढंसं ऑपरेशनच्या टेबलावर एकटं असेल आणि मला हातही लावू देणार नाहीत, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. हे कारण पुरेसं आहे का, मला माहीत नाही.

मुलगी होती.

एवढा ठाम असलेला निमिष तिला बघायला आत येऊ शकला नाही. सासऱ्यांनी तिला मागून घेतलं, आपल्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि कासूच्या शेतात मातीत ठेवून आले. मग माझ्या उशाशी बसले. म्हणाले, पोरी, मला हे आजही पटलेलं नाय. आणि कितीतरी वेळ माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले.

काल दूध आलं, आत्या. थांबायला डॉक्टरांनी गोळी दिलीय. हातात घेऊन बसले, पण घेववली नाही.

तू ये. काही बोलू नकोस, नुसती ये.

तुझी
उर्वी