आबांची पाठ

परेशदादा,

आबांच्या पाठीला जखम कशी झाली, हॉस्पिटलची तक्रार करू या का, असं तू काल विचारलंस. करू नकोस.

आयसीयूत एकाच अंगावर पडून राहिलं की कातडी दबून मरते, म्हणून सिस्टर त्यांना थोड्या थोड्या वेळाने कुशीवर वळवतात. पण भेटीच्या वेळी गावातलं कुणी आलं की आई म्हणते, "सिस्टर, यांना जरा सरळ करा. लोकं तोंड बघायला आलीत, भिंतीकडं तोंड बरं नाय दिसत." व्हिडिओ कॉलवर तूही तेच सांगतोस. सिस्टर कुरकुरतात आणि सरळ करतात. मग पुढच्या पाळीपर्यंत आबा पाठीवरच. माकडहाडापाशी आधी नुसता लाल डाग होता. आता खड्डा आहे. ड्रेसिंग बदलताना मी पाहिला.

हे तुला पाठवणार नाही, तू आईवर ओरडशील. पण आज तुझा फोन आला की आबांची पाठच दिसेल. तोंड बघायचं असेल तर भिंतीच्या बाजूला मी एक स्टूल ठेवलंय. तुझ्या खारघरहून हे पनवेलचं हॉस्पिटल काही लांब नाही.

भाविका