एका महिन्याचे पोप

नानपुरा, सुरत
ऑक्टोबर १९९८

प्रिय आई,

तुला आलेली पत्रं आता दादा वाचून दाखवतो, म्हणून हे टपालपेटीत टाकणार नाही.

उद्या फादर घराला आशीर्वाद द्यायला येणार आहेत. आमच्या यांनी आत्ताच्या पोपमहोदयांचा फोटो आणलाय. पण क्रुसाखालच्या खिळ्यावर अजून आधीच्या पोपमहोदयांचा जुनाच आहे, तू लग्नात ट्रंकेत घालून दिलेला. मी तो इथे टांगला त्याच आठवड्यात ते वारले. जेमतेम महिनाभराचे पोप. मी रडले तेव्हा तू लिहिलंस, "दुसरे येतील, बाय."

आले. वीस वर्षं रोझरीच्या शेवटी त्यांच्यासाठी 'आमच्या बापा' म्हणते, पण बघते या जुन्या हसऱ्या चेहऱ्याकडे. हे पाप आहे का, फादरना विचारायला जीभ उचलत नाही.

पुढच्याच वर्षी माझं पहिलं बाळ महिन्याचं होऊन गेलं. तेव्हाही तू म्हणालीस, "दुसरं येईल." शेरिल आली. आता तीच स्टुलावर चढून, जुना फोटो काढून टाकू का, असं गुजरातीत विचारते, "मम्मी, आ उतारी नाखूं?"

तुझं दोन्ही वेळा खरं झालं, आई. मग मी तिला हो का म्हणत नाही?

तुझी,
मथिल्डा