नैरोबीहून दोन तास

टिकिम्त ६, सोमवार
येशी नैरोबीला पोचली. फुलांच्या कंपनीचं ट्रेनिंग. बरोबर ऑफिसातला कासाहुन. मला काहीही वाटत नाही. संकल्प : संशय बंद. अदिस अबाबा ते नैरोबी अकराशे साठ किलोमीटर, विमानाने दोन तास. सहज पाहिलं. शेजारच्या सीटवरचा माणूस दोन तासांत बोलून बोलून किती बोलणार?

टिकिम्त ७
बरंच.

टिकिम्त ९
फोटो आला. येशीच्या उजवीकडे गुलाब, डावीकडे कासाहुन. 'छान गुलाब' एवढंच लिहिलं. हा माणूस घड्याळसुद्धा परदेशी लावतो. आपण सगळे उजाडल्यापासून तास मोजतो, हा मध्यरात्रीपासून. आपला एक वाजतो तेव्हा याचे सात. कशाचा एवढा तोरा?

टिकिम्त १०
रविवारी देगेफेमामा दोन वडीलधाऱ्यांना घेऊन येशीच्या घरी मागणी घालायला जाणार. तिला फोनवर सांगितलं. म्हणाली, उद्या विमानतळावर ये, मामांना पाठवायचं की नाही ते समोरासमोर सांगते. चारला उतरते. आणि गुलाब आणू नकोस, आठवडाभर तेच बघतेय.
होच म्हणणार.

टिकिम्त ११, सकाळी चार
विमानतळ. ऊन चढलंय. येशी नाही. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, नैरोबीचं विमान दहाला हो दादा, दुपार उलटली की या.
ती म्हणते चार, विमान म्हणतं दहा. प्रवास दोन तासांचा. मग मधले सहा तास कुठे? कोणाबरोबर, ते विचारायलाच नको.
मामांना कळवलं, उद्या जायचं नाही. मामा म्हणाले, अरे गाढवा, पोरगी चांगली आहे, संध्याकाळपर्यंत तरी दम धर.
मी स्वाभिमानी माणूस आहे. घरी आलो. फोन बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळ
फोन सुरू केला. येशीचे मेसेज. कुठे आहेस? मग : चार म्हणजे तिकिटावरचे रे, आपले दहा! नैरोबीत सगळे असंच बोलतात, तोंडात बसलं. मग : मामांना फोन केला होता. उद्याचं कळलं. बरं. कासाहुनने घरी सोडलं.
म्हणजे सहा तास कुठेच गेले नव्हते.
तरी मुद्दा उरतोच. कासाहुनने का सोडलं?

टिकिम्त १५
येशी फोन उचलत नाही. राग आहे म्हणजे प्रेम आहे. घाई करायची नाही.

टिकिम्त १९, रविवार
मामा पांढरी शाल पांघरून निघाले. विचारलं, कुठे? येशीकडे, म्हणाले. मला भरून आलं. म्हटलं, मामा, माझ्यासाठी एवढं! मामा जोडे बघत म्हणाले, कासाहुनसाठी रे. त्याची माणसं सगळी गोंदरला, इथे वडीलधारं कोणी नाही. येशीनेच त्याला माझ्याकडे पाठवलं. नाही कसं म्हणू?
टॅक्सी मिळेना. मीच सोडलं. गाडीत बसून आहे. आत जाऊन बराच वेळ झाला. नकार असता तर एवढ्यात बाहेर आले असते.